तलाव, माणसे आणि ठरवण्याचा हक्क

पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत, सहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. सरकारी कागदांत ते 'माजी मालगुजारी तलाव' असतात आणि बोलताना त्यांचे 'मामा तलाव' होते. गोंड राजांच्या काळात, मुख्यतः कोहळी समाजाच्या पुढाकाराने, हे तलाव बांधले गेले. जो तलाव बांधेल त्याला त्याखाली भिजणारी जमीन मिळेल असे चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, राजाने जाहीर केले होते, ही आठवण या भागात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते आणि ब्रिटिश अमदानीतल्या नोंदींतही ती आलेली आहे.

हवामानबदलाची चर्चा निघाली की या तलावांचे नाव हमखास येते. पूर्वजांची दूरदृष्टी म्हणून कौतुक होते आणि कौतुकापाठोपाठ हळहळ येते: जाणती माणसे एकेक करून चालली, त्यांच्याबरोबर ज्ञानही चालले, तेव्हा उरले आहे ते लवकर लिहून ठेवा. या हळहळीतला प्रामाणिकपणा मला मान्य आहे, तिने केलेले निदान मान्य नाही. झाडीपट्टीतले तलाव गाळाने भरले ते जाणत्या माणसांच्या डोळ्यांदेखत. काय बिघडते आहे ते त्यांना दिसत होते, काय करायला हवे तेही ठाऊक होते. ते करण्याचा अधिकार मात्र त्यांच्याकडे उरला नव्हता. निसर्गाबद्दलचे लोकांचे ज्ञान केवळ आठवणीवर जगत नाही. ज्याला बदल दिसतो त्यालाच त्यावर काही ठरवता येते आणि ठरवलेल्याचे बरेवाईट त्यालाच भोगावे लागते, अशी सोय जिथे असते तिथे ते जगते, वाढते, वेळ पडल्यास स्वतःला दुरुस्तही करते. ही सोय मोडली की डोक्यात असूनही ते निरुपयोगी होते.

हे नुसते तत्त्व म्हणून सांगून भागणार नाही. तलावाच्या काठावर जाऊन पाहावे लागेल.

मामा तलावात दोन टेकड्यांमधल्या उतारावर मातीची पाळ घालून पाणी अडवलेले असते. बाकीच्या बाजूंनी जमीन हळूहळू चढत जाते, म्हणून पाणी पाळीजवळ खोल आणि काठाकडे उथळ. पाळीतून पाणी सोडण्यासाठी तुडूम, जास्तीचे पाणी काढून देण्यासाठी सांडवा. सांडव्यावरून सुटलेले पाणी खालच्या गावच्या तलावात जाते, तिथून आणखी खाली. मधल्या शेतांमध्ये शेतकऱ्यांच्या स्वतःच्या बोड्या, म्हणजे लहान तळी. त्यामुळे एका गावाने आपली पाळ किती उंच करायची हा त्या गावापुरता प्रश्न कधीच नव्हता. वरच्याने पाणी अडवून धरले तर खालचा कोरडा राहतो, आणि वरची पाळ फुटली तर खालच्या पाळींवर एकापाठोपाठ एक लोंढा येतो.

तलावाखाली धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेते. मोरंड, खर्डी, सिहार, कन्हार, बरडी असे जमिनीचे प्रकार शेतकरी ओळखत आणि त्याप्रमाणे धान निवडत. वरच्या, लवकर सुकणाऱ्या बांधीत हलका धान, जो लवकर निसवतो. तलावाखालच्या ओलीच्या बांधीत भारी धान, ज्याला जास्त दिवस लागतात. मृगात पऱ्हे, म्हणजे रोपे, टाकायचे, पावसाने जोर धरला की रोवणी, आणि पुढे हस्ताच्या सुमारास, लोंब्या भरण्याच्या दिवसांत, पाऊस दगा देतो की काय ही धास्ती. त्या वेळी तलावाचे एखादे-दुसरे पाणी मिळाले तर भारी धान हाती येतो, नाही तर तणस तेवढी उरते. म्हणून तुडूम कधी उघडायचे, पहिले पाणी कुणाला, उन्हाळ्यात जनावरांसाठी किती राखायचे, हे दर वर्षी नव्याने ठरवावे लागे. दोन पावसाळे कधी सारखे नसतात. बदलाशी जुळवून घेणे हा आज परिषदांचा विषय झाला आहे. इथे ते दर सालचे काम होते.

उन्हाळ्यात पाणी मागे हटले की उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर होई आणि सुपीक गाळ गाड्यांनी बांध्यांत जाई. गाळ काढणे आणि शेत खतवणे ही वेगळी कामे नव्हती, म्हणून तलाव उपसण्यासाठी वेगळा पैसा उभा करावा लागत नसे. पाण्यात ढिवर समाजाची मासेमारी चाले. मरळ, मांगूर, शिंगी असे मासे तलावातच वाढत, काठच्या उथळ पाण्यात, वनस्पतींच्या आडोशाला किंवा पावसाळ्यात भरलेल्या बांध्यांत शिरून अंडी घालत. काठावर देवधान, म्हणजे रानटी भात, उगवे, पाणपक्षी त्यावर येत. ढिवराला मासा म्हणजे नुसता मासा दिसत नाही; तो कोणत्या पाणवनस्पतीजवळ सापडतो, कोणत्या दिवसांत उथळ पाण्यात येतो, कोणता पक्षी त्याच्यावर टपलेला असतो, हे सगळे त्याबरोबरच दिसते. जाळे कुठे टाकायचे हे त्यावरच ठरते.

आता मालगुजारीबद्दल. तिला गोड मानण्याचे काही कारण नाही. ब्रिटिश काळात सारा गोळा करणारा मालगुजार गावाचा धनी झाला. पाळीवर घाम गाळला तो गावातल्या गरिबांनी, पुष्कळदा वेठीने, आणि ढिवरांची मासेमारी धन्याच्या मर्जीवर चाले. १९५० मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेशात मालगुजारी संपवणारा कायदा झाला तो न्यायाचाच होता, याविषयी माझ्या मनात शंका नाही. घोटाळा झाला तो पुढच्या पायरीवर. मालगुजाराच्या जागी गाव यायला हवे होते, तिथे खाते आले. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे विभागाकडे, काठची जमीन महसूल विभागाकडे, पाणी ज्या जंगलातून येते ते वन विभागाकडे, आणि मासेमारीचा ठेका सहकारी संस्थांना. लोकांचे वापराचे हक्क निस्तार पत्रकात आणि वाजिब-उल-अर्जमध्ये नोंदलेले राहिले, पण एका बैठकीत ठरू शकणाऱ्या गोष्टी चार कार्यालयांत वाटल्या गेल्या. तुडूम नादुरुस्त झाले तर अर्ज करायचा, पाळीला भगदाड पडले तर अंदाजपत्रकाची वाट पाहायची. ज्याच्या शेताला पाणी हवे त्याने पाळीला हात लावला तर ते सरकारी मालमत्तेत लुडबूड करणे ठरे.

गावात पूर्वीइतकीच जाणती माणसे होती. पण त्यांचे जाणणे आणि तलावाचे भवितव्य यांच्यातला दुवा तुटला. गाळ साचत गेला, उथळ झालेल्या काठांवर अतिक्रमणे झाली. त्यात बेशरम आली. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती आपल्याकडे शोभेसाठी आणि कुंपणासाठी आणली गेली. जनावर तिला तोंड लावत नाही, तुटलेली काडी ओल्या मातीत पडली की रुजते. पाहता पाहता तिने तलावांचे काठ व्यापले आणि जिथे मासे अंडी घालत, देवधान उगवे, तो उथळ पट्टा गेला.

माशांच्या बाबतीत एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. उत्पादन वाढवायचे म्हणून तलावांत कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडण्याची पद्धत रूढ झाली. पुढे पाणवनस्पती खाणारा गवत्या आणि सायप्रिनस हे मासेही आले. हे मासे झपाट्याने वाढतात, बाजारात त्यांना भाव मिळतो, हे खरेच. पण कटला, रोहू, मृगळ हे वाहत्या नदीतले मासे. साचलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत. म्हणून बीज दर वर्षी विकत आणावे लागते. मरळ आणि मांगूर आपली पिल्ले आपणच वाढवत होते, त्यांच्यासाठी ढिवराला कुणाकडे जावे लागत नव्हते. नव्या पद्धतीत त्याला बीजही विकत घ्यावे लागले, ठेक्याची रक्कमही भरावी लागली, आणि बीज कमी पडले किंवा मेले तर त्या वर्षी तो बुडाला. त्याच्या माहितीतला मोठा भाग, म्हणजे कोणता मासा कुठे, कधी, कशाच्या आडोशाने वाढतो, एका फटक्यात बिनकामाचा झाला. तो विसरला नव्हता. त्या माहितीचा उपयोग करायला जागा उरली नव्हती.

म्हणूनच गेल्या दीड-दोन दशकांत गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव परिसरात झालेले काम मला या सगळ्या चर्चेच्या केंद्रस्थानी ठेवावेसे वाटते. मनीष राजनकर यांचे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि ढिवरांच्या मच्छीमार सहकारी संस्था यांनी मिळून काही तलाव पुन्हा जिवंत केले. सुरुवात झाली ती जुन्या मच्छीमारांना विचारण्यापासून. चांगला तलाव कसा असतो, त्यात कोणत्या वनस्पती असत, कोणत्या खोलीवर, कोणत्या माशाचे कोणत्या वनस्पतीशी काय नाते. मग त्या माहितीवर काम झाले. बेशरम मुळासकट उपटली गेली. उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या तलावाच्या तळाचा काही भाग नांगरला गेला, कारण घट्ट बसलेल्या मातीत काही रुजत नव्हते. पावसाळ्याच्या तोंडावर, शेजारच्या चांगल्या तलावांतून आणलेल्या पाणवनस्पती खोलीच्या क्रमाने लावल्या गेल्या: पाण्याखाली राहणाऱ्या आत, तरंगत्या पानांच्या मधल्या पट्ट्यात, अर्ध्या पाण्यातल्या काठाकडे. यात ढिवर समाजातल्या स्त्रियांनी मोठा वाटा उचलला. अशा तलावात गवत्या सोडणे म्हणजे रोवणी आटोपून बांधीत जनावर सोडणे. पुढे स्थानिक मासे परतू लागले, पक्षीही आले.

इथे नेमके काय घडले ते नीट पाहिले पाहिजे, कारण 'पारंपरिक ज्ञानाचे पुनरुज्जीवन' हे त्याचे वर्णन अपुरे आहे. आजोबांना चांगला तलाव ठाऊक होता. तळ नांगरून, दुसऱ्या तलावातून वनस्पती आणून लावणे आजोबांना ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. त्यांच्या तलावात त्या आपोआप होत्या. वनस्पतींची शास्त्रीय ओळख पटवायला अभ्यासक लागले. स्त्रियांनी तलावाच्या तळाशी उतरून काय लावायचे, कुठे लावायचे हे ठरवण्यात भाग घेणे हेही नवेच. जुने जे होते ते पाहण्याची सवय आणि चांगल्या तलावाचे मनातले चित्र. करण्याची रीत सगळी नवी होती. आणि ती जमली, कारण तलाव संस्थेच्या ठेक्यात होता आणि मासळीचा नफा-तोटा तिच्याच पदरात पडणार होता. पुढच्या वर्षी तोच तलाव आपल्याकडे राहील की नाही याची शाश्वती नसेल, तर त्याच्या तळाशी वनस्पती कोण लावेल?

हे फक्त पाण्याबद्दलच खरे आहे असे नाही. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे नावाचे शेतकरी होते. जेमतेम दीड एकर जमीन. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पटेल-३ या धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या लावल्या, वर्षानुवर्षे निवडत गेले, आणि त्यातून बारीक दाण्याचे, चविष्ट वाण तयार झाले. त्या काळी एचएमटीची घड्याळे घरोघर होती. वाणालाही तेच नाव पडले. हा तांदूळ पुढे अनेक राज्यांत गेला. खोब्रागडे यांनी आणखीही वाणे काढली आणि २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या वाणाने किती लोक श्रीमंत झाले आणि ते स्वतः कसे राहिले, हे महाराष्ट्राने वाचले आहे. मला इथे सांगायचे आहे ते वेगळे. खोब्रागडे यांच्या कामाला आपण पारंपरिक ज्ञान म्हणत नाही, कारण ते विसाव्या शतकाच्या अखेरीचे आहे. पण चांगल्या लोंब्या वेगळ्या काढून पुढच्या सालासाठी राखणे, याच रीतीने झाडीपट्टीतली सगळी जुनी वाणे झाली आहेत. परंपरा नावाची जी गोष्ट आपण जपायला निघतो, तीच त्यांच्या बांधीत आपले नेहमीचे काम करत होती. आपल्याला ती ओळखता आली नाही, कारण आपण तिला भूतकाळात शोधत होतो.

आता एक उलट उदाहरण, जिथे ज्ञान उत्तम होते, व्यवस्थाही न्याय्य होती, आणि तरी ती खचली. खानदेशात पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर फड पद्धत चालत असे. नदीवर बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालची जमीन तीन-चार फडांत विभागलेली. एका फडात एका हंगामात एकच पीक. पीक सगळ्यांनी मिळून ठरवायचे आणि फडांतून ते आळीपाळीने फिरवायचे. पाणी वाटायला पाटकरी, राखणीला जागल्या, वर पंच. या रचनेतली खरी बुद्धी दिसते ती दुष्काळात. एका शेतकऱ्याची जमीन सहसा एकाच फडात नसे, वेगवेगळ्या फडांत विखुरलेली असे. नदीला पाणी कमी आले की पंच एखादा फड पडीक ठेवत, आणि मग तुटवडा सगळ्यांच्या वाट्याला सारखा येई. पाटाच्या तोंडाशी असणाऱ्याचे भागले आणि शेपटीकडचा मेला, असे होत नसे. टंचाई वाटून घेण्याची याहून सुंदर रीत मला दुसरी माहीत नाही, आणि आज आपल्या मोठ्या कालव्यांवर तोंडाकडचा ऊस आणि शेपटीकडची कोरडी चारी पाहिली की ती पुन्हा पुन्हा आठवते.

फड पद्धत आज काही गावांत तग धरून आहे, बहुतेक ठिकाणी मोडली. शेतकरी पाणी वाटायला विसरले म्हणून ती मोडली नाही. नद्यांवर वरच्या अंगाला धरणे झाली आणि नदीत कधी, किती पाणी येणार हे आता पंचांना नदीकडे पाहून कळेना. ते दूरच्या कार्यालयात ठरू लागले. दुसरीकडून विहिरी आणि वीजपंप आले. ज्याच्या शेतात स्वतःची विहीर त्याला फडाच्या बैठकीला बसण्याची गरज राहिली नाही. फडाचे सगळे शहाणपण नदीच्या पाण्याबद्दल होते, आणि नदीचे पाणीच पंचांच्या हातून गेले. पांझरेवर अक्कलपाडा धरण बांधताना फडाच्या पंचांना पाणी सोडण्याच्या वेळापत्रकात बसवता आले असते. धरण आणि फड यांचे हाडवैर नव्हते. पण ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या टंचाई वाटून घेतली, त्यांना पाण्याचे वाटप कळते, हे मान्य करण्याची सवय आपल्या नियोजनाला नाही.

ठरवण्याचा अधिकार लोकांकडे द्यावा या म्हणण्याला आक्षेप घेतले जातात, आणि ते हलके नाहीत. पहिला असा की हवामान आता इतके वेगाने बदलते आहे की जुने ठोकताळे लागूच पडत नाहीत. नक्षत्रांवरून पावसाचा अंदाज बांधणारा शेतकरी आज फसतो, लागोपाठ दोन-तीन आठवडे कोरडे जातात आणि मग दोन दिवसांत महिन्याचा पाऊस पडतो. हे खरे आहे. ठोकताळे चुकू लागले आहेत आणि हवामान खात्याचा अंदाज, उपग्रहाची चित्रे, मातीची तपासणी यांची शेतकऱ्याला पूर्वीपेक्षा जास्त गरज आहे. पण ठोकताळा हा ज्ञानाचा सर्वांत वरचा थर असतो. त्याखाली असते ती पाहण्याची, ताडून बघण्याची आणि त्याप्रमाणे रीत बदलण्याची सवय. हलका धान आणि भारी धान दोन्ही लावणारा शेतकरी पाऊस कसा पडेल हे मला कळते असे म्हणतच नव्हता. पाऊस कसाही पडला तरी सगळे जाऊ नये, एवढी तजवीज तो करत होता. अनिश्चित काळात नेमकी हीच दृष्टी लागते. सगळीकडे एकच वाण आणि एकच लागवडीची तारीख शिकवणाऱ्यांनी ती घालवली.

दुसरा आक्षेप मला अधिक टोचतो. गावाकडे अधिकार द्या म्हणता, पण गाव म्हणजे कोण? ज्या गावात ढिवराला पाळीवर बसायची जागा नव्हती, बाईला बैठकीत बोलायची सोय नव्हती, त्या गावाच्या हाती सगळे सोपवायचे? बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत खेड्याबद्दल जे कठोर शब्द उच्चारले ते विसरून या विषयावर लिहिणे बेइमानी होईल. म्हणून मी गावाच्या नावाने मोघम काही मागत नाही. अधिकार कुणाला हे नेमके सांगितले पाहिजे: जे त्या संसाधनावर जगतात त्यांना, आणि त्या सगळ्यांना, जातीत खालचे मानले गेलेल्यांना आणि बायकांना धरून. तसे झाले तर काय होते याचे उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातच आहे.

गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेला २०१२ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्याआधी २००९ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) आणि मर्दा या गावांना असा हक्क मिळाला होता. पाचगावात बांबू ग्रामसभेच्या हाती आला. गावकऱ्यांनी आपले नियम आपण केले: किती वयाचा बांबू तोडायचा, कोवळे कोंब राखायचे, मजुरी किती. मग त्यांनी एक निर्णय घेतला जो बाहेरच्या कुणाला सुचला नसता. तेंदूपत्ता तोडणे त्यांनी थांबवले. तेंदूपत्ता हे विदर्भातल्या जंगलाकाठच्या गरिबांचे उन्हाळ्यातले रोख उत्पन्न. ते सोडणे सोपे नव्हते. पण त्यासाठी झाडे छाटली जातात, कोवळी पाने भरपूर यावीत म्हणून जंगलाला आग लावली जाते, आणि त्या आगीत बांबूचे कोंबही जातात, हे त्यांना दिसत होते. पूर्वीही दिसत होतेच. जंगल आपले नसताना त्या दिसण्याला अर्थ नव्हता. उद्या ठेकेदार येणार, पाने नेणार, मग आज आपणच का सोडावे? हक्क मिळाल्यावर तोच अनुभव निर्णय झाला. त्यांनी जंगलाचा काही भाग तोडीपासून कायमचा राखूनही ठेवला. ही काही जुनी देवराई नव्हे. एकविसाव्या शतकात, मतांनी आणि चर्चेने, ग्रामसभेने राखलेले रान आहे.

या पार्श्वभूमीवर आपण पारंपरिक ज्ञानासाठी काय करतो? २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवह्या यांची तरतूद केली. कल्पना चांगली होती. माधव गाडगीळांसारख्या शास्त्रज्ञांनी तिच्यामागे वर्षानुवर्षे कष्ट घेतले, आणि लोकांनी स्वतः पाहून, आपसांत बोलून नोंदी कराव्यात हा तिचा गाभा होता. मग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मुदत घातली, दंडाची तंबी दिली, आणि थोड्या काळात देशभर अडीच लाखांच्या वर नोंदवह्या तयार झाल्या. इतक्या वेगाने लोक पाहत, बोलत नाहीत; इतक्या वेगाने फक्त तक्ते भरले जातात. चांगल्या नोंदवहीचाही उपयोग किती, हा प्रश्न आहेच. तलावात कोणते मासे होते हे वहीत लिहिले, आणि त्याच तलावाचा ठेका पुढच्या लिलावात सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याला गेला, तर त्या वहीचे ढिवराने काय करायचे?

गाळ काढण्याच्या योजनांचेही तेच. गाळ निघाला पाहिजे याविषयी वाद नाही, आणि बैलगाड्यांनी तो निघण्याचे दिवस गेले हेही मान्य. पण यंत्राने तळ सरसकट खोल केला, काठ उभे तासले, की उथळ पट्टा संपतो आणि त्याबरोबर वनस्पती, अंडी, पिल्ले, पक्षी सगळेच. घनमीटरमध्ये मोजलेल्या कामात हा पट्टा दिसत नाही. किती गाळ निघाला तेवढे दिसते. यंत्र कुठवर न्यायचे आणि कुठे थांबवायचे हे ढिवर संस्थेच्या माणसाला विचारून ठरले, तर तेच यंत्र उपकारक ठरेल. प्रश्न यंत्राचा नाही. खोदकाम संपल्याच्या कागदावर कुणाची सही लागते, हा आहे.

ती सही मिळवण्याची एक वाट कायद्यात आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्कांत जलाशयातले मासे आणि इतर उपज यांचा स्पष्ट उल्लेख केला आहे, आणि झाडीपट्टीतले कितीतरी तलाव वनजमिनीत किंवा तिच्या लगत आहेत. अडचण अशी की ढिवर महाराष्ट्रात भटक्या जमातींत मोडतात, अनुसूचित जमातीत नाहीत. त्यामुळे 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून त्यांना तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. त्यासाठी लागणारे पुरावे पुष्कळदा सरकारच्याच दप्तरात असतात. निस्तार पत्रके आणि वाजिब-उल-अर्ज ही तीच कागदपत्रे, ज्यांत तलाव, त्यांचा वापर आणि वापरणारे नोंदलेले आहेत. ती ग्रामसभांना मागितल्याबरोबर मिळाली पाहिजेत, आणि दावे तपासणाऱ्या समित्यांनी जमिनीइतकेच गांभीर्य पाण्याला दिले पाहिजे. जे तलाव वनजमिनीबाहेर आहेत, त्यांच्यासाठी जिल्हा परिषदांनी थोड्या सालांचा लिलाव सोडून त्या तलावावर जगणाऱ्या मच्छीमारांच्या संस्थेशी दीर्घ मुदतीचा करार करावा, त्यात तळ, काठ आणि पाणी यांची देखभाल संस्थेकडे सोपवावी आणि धानवाल्या शेतकऱ्यांबरोबर बसून तुडुमाचे वेळापत्रक ठरवण्याचा हक्क तिला द्यावा.